प्रतापनगरची फिर्याद आणि म्यावाडीचा आवाज

जून २०२५ मधील एका सोमवारी सकाळी नागपूरच्या प्रतापनगर भागात राहणाऱ्या ६८ वर्षांच्या एका निवृत्त अभियंत्यांना फोन आला आणि बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत त्यांच्या खात्यातून ४२ लाख ६० हजार रुपये निघून गेले. पैसे नेमके कुठे गेले आणि फोनवर बोलणारा माणूस कुठे बसला होता, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना पुढचे आठ महिने हा तपास भारत, अमेरिका, थायलंड आणि म्यानमार या देशांच्या कायद्यांना स्पर्श करत राहिला.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे, हे आधीच स्पष्ट करतो. विदर्भातल्या अशा तक्रारींत वारंवार दिसणारा क्रम एकत्र घेऊन ते रचले आहे. त्यातील माणसे, रकमा आणि पोलीस ठाण्यातील घडामोडी कोणा एका व्यक्तीच्या नाहीत. कायदे, करार, संस्था आणि परदेशांत घडलेल्या घटना मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत. मांडण्याचे कारण असे, की 'इंटरपोलची मदत घेऊ' हे वाक्य आपल्याकडे फार सैलपणे उच्चारले जाते. परदेशातून माहिती मिळवण्याची वाट आणि परदेशातून पुरावा मिळवण्याची वाट या दोन निराळ्या आहेत. पहिली तासा-दिवसांत चालता येते, दुसरीला महिने आणि कधी वर्षे लागतात, आणि तपास अधिकाऱ्याला दोन्हींवर एकाच दिवशी पाऊल टाकावे लागते. या प्रकरणात ते झाले नाही आणि त्यामुळे किती नुकसान झाले, ते आकड्यांत सांगता येते.

काय घडले

पहिला फोन दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नावाने होता. 'तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डवरून मुंबईत गैरप्रकार झाले आहेत, दोन तासांत तुमचे सर्व क्रमांक बंद होतील,' असे सांगून तक्रारदारांना व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर नेण्यात आले. तिथे गणवेशातला माणूस होता, त्याच्या मागे पोलीस ठाण्याचा देखावा होता, आणि थोड्या वेळाने सीबीआयच्या अधिकाऱ्याचे सोंग घेतलेला दुसरा माणूस समोर आला. पुढचे तीन दिवस तक्रारदारांना कॅमेऱ्यासमोरून फारसे हलू दिले नाही. पत्नीला काही सांगितले तर तिलाही आरोपी करू, अशी धमकी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचा बनावट आदेश पाठवण्यात आला आणि 'चौकशीपुरती रक्कम सरकारी खात्यात ठेवा, ७२ तासांत परत मिळेल' असे सांगण्यात आले. मंगळवारी १८ लाख ६० हजार आणि बुधवारी २४ लाख रुपये आरटीजीएसने गेले. दुसऱ्या वेळी मुदत ठेव मोडताना बँकेतल्या मुलीने विचारलेही होते, "काका, एवढी रक्कम एकदम कशाला?" त्यांनी पढवलेले उत्तर दिले, की मुलीसाठी फ्लॅट घेतो आहे.

भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट नाही. प्रधानमंत्र्यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' मध्ये हे देशाला उद्देशून सांगितले होते आणि तक्रारदारांनी तो कार्यक्रम ऐकलाही होता. भीतीने मन व्यापलेले असताना ऐकलेले आठवत नाही. म्हणून अशा माणसांना भोळसट ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि पोलीस ठाण्यात त्यांना पहिला प्रश्न 'तुम्ही शिकलेले असून असे कसे केले?' हा विचारला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्या प्रश्नाने माणूस गप्प होतो आणि तपासाला हवे असलेले बारीक तपशील त्याच्याजवळच राहतात.

पहिले तास

गुरुवारी सकाळी पुण्याच्या मुलीचा फोन आला. वडिलांचा आवाज ऐकून तिला शंका आली आणि अकरा वाजता, म्हणजे शेवटचे पैसे गेल्यानंतर एकोणीस तासांनी, १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदली गेली. हा क्रमांक केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या, म्हणजे 'आय-फोर-सी'च्या, यंत्रणेशी जोडलेला आहे. २०२१ पासून बँका, वॉलेट कंपन्या आणि राज्यांचे पोलीस एकाच संगणकीय व्यवस्थेत आले आहेत. तक्रार चढताच पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कसे गेले हे दिसू लागते आणि ते जिथे सापडतील तिथे रोखून धरले जातात. या प्रकरणात ९ लाख ४० हजार रुपये असे रोखले गेले. उरलेल्यांपैकी ७ लाख २० हजार तीन शहरांतल्या एटीएममधून आणि धनादेशांवर रोखीने काढले गेले होते. सर्वांत मोठा वाटा, २६ लाख रुपये, अकरा भाड्याच्या खात्यांतून फिरून टिथर या आभासी चलनात बदलला गेला होता.

भाड्याची खाती म्हणजे कमिशनच्या आमिषाने दुसऱ्याच्या हाती दिलेली खाती. त्यांच्या मालकांना शोधणे तुलनेने सोपे असते आणि बहुतेक अटका इथेच होतात. वर्तमानपत्रात 'टोळी गजाआड' असे छापून येते तेव्हा पुष्कळदा ही भाड्याने खाते देणारी पोरेच असतात. चलन बदलण्याची पद्धत यापेक्षा जास्त समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या आभासी चलनाच्या बाजारपेठेत विक्रेता स्वतःच्या बँक खात्यात रुपये घेतो आणि खरेदीदाराच्या पत्त्यावर टिथर सोडतो. रुपये आले ते प्रतापनगरच्या एका वृद्धाचे आहेत, हे त्या विक्रेत्याला माहीत असेलच असे नाही. ज्या क्षणी टिथर त्या पत्त्यावर पोचते, त्या क्षणी पैसा भारतीय बँकांच्या आवाक्याबाहेर जातो, पण नजरेबाहेर जात नाही. ब्लॉकचेनवरचा, म्हणजे अशा चलनाच्या सार्वजनिक नोंदवहीतला, प्रत्येक व्यवहार कायमचा उघड नोंदलेला असतो. टिथर काढणाऱ्या कंपनीला विशिष्ट पत्त्यावरचे चलन गोठवता येते, आणि ते चलन कोणत्याही मोठ्या बाजारपेठेच्या खात्यात शिरले तर ती बाजारपेठही ते थांबवू शकते. अट एकच असते, की सांगणारा वेळेत सांगायला हवा.

इथे तसे झाले नाही. गुरुवारी दुपारी गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची ३१८(४), तोतयेगिरीची ३१९(२), लोकसेवक असल्याची बतावणी करण्याची २०४, खंडणीची ३०८ आणि बनावट दस्तऐवजांची कलमे लावली गेली, शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची ६६-क आणि ६६-ड. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरील अधिकाऱ्याने करावा लागतो, म्हणून तो एका महिला पोलीस निरीक्षकांकडे आला. त्यांच्याकडे त्या वेळी असेच आणखी कितीतरी गुन्हे होते, हे विसरून त्यांच्या चुका मोजणे अन्यायाचे होईल. तरीही चूक सांगितली पाहिजे. वरिष्ठांच्या सूचनेवरून जे पहिले पत्र तयार झाले त्यात 'इंटरपोलने आरोपींना अटक करावी आणि परदेशी वॉलेट गोठवावे' अशी विनंती होती. पत्र दिल्लीला गेले आणि अपूर्ण तपशिलांच्या शेऱ्यासह परत आले. टिथरचा माग सतराव्या दिवशी काढला गेला. शुक्रवारी रात्री, म्हणजे गुन्हा नोंदल्यानंतर दीड दिवसाने, परदेशी बाजारपेठेतल्या एका खात्यात सुमारे ११,००० टिथर पडून होते. सतराव्या दिवशी बाजारपेठेने पोलिसांच्या ईमेलवर खाते थांबवले तेव्हा त्यात ४,३०० उरले होते. फरक ६,७०० चा, म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळपास सहा लाख रुपयांचा.

इंटरपोल काय करते आणि काय करत नाही

इंटरपोलचे मुख्यालय फ्रान्समधील लियाँ येथे आहे आणि १९६ देश तिचे सदस्य आहेत. तिचे स्वतःचे अटक करणारे पोलीस नाहीत. ती देशांच्या पोलिसांना जोडणारी सुरक्षित संदेशव्यवस्था चालवते, सूचना प्रसृत करते आणि माहितीचे साठे सांभाळते. लाल सूचना, म्हणजे 'रेड नोटीस', हेही अटक वॉरंट नव्हे. ती वाचून काय करायचे हे प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. निळी सूचना तर केवळ एखाद्याची ओळख, ठावठिकाणा किंवा हालचाल विचारते. भारतात इंटरपोलशी बोलण्याचे राष्ट्रीय केंद्र सीबीआयमध्ये आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या 'भारतपोल' या संकेतस्थळामुळे राज्यांच्या पोलिसांना आपली विनंती तिथे थेट चढवता येते. पूर्वी पत्रे आणि ईमेल यांत जे दिवस जात, ते त्यामुळे वाचू शकतात. फक्त विनंती नेमकी हवी. 'अटक करा' असे लिहून भागत नाही. कोणत्या क्रमांकाची, कोणत्या वेळेची, कोणत्या देशातली आणि कशासाठी माहिती हवी, ते लिहावे लागते.

पैशासाठी इंटरपोलची २०२२ पासूनची एक वेगळी व्यवस्था आहे. 'आय-ग्रिप' या नावाने ती ओळखली जाते आणि संशयित रक्कम एका देशातून दुसऱ्या देशात गेली की ती थांबवण्यासाठी दोन्ही देशांच्या केंद्रांना तातडीने जोडते. तिचे सर्वांत बोलके उदाहरण सिंगापूरचे आहे. १९ जुलै २०२४ रोजी तिथल्या एका व्यापारी कंपनीने पुरवठादाराच्या बनावट ईमेलला भुलून ४ कोटी २३ लाख डॉलर पूर्व तिमोरमधील एका बँक खात्यात पाठवले. २३ तारखेला पोलिसांकडे तक्रार झाली आणि २५ तारखेला त्यांपैकी ३ कोटी ९० लाख डॉलर रोखल्याची खात्री पटली. पुढे आणखी काही रक्कम आणि सात संशयित हाती लागले. चार दिवस उशीर होऊनही बहुतेक पैसे वाचले, कारण ते एका बँकेच्या एका खात्यात होते आणि दोन्हीकडच्या पोलिसांनी न्यायालयीन कागदांची वाट न पाहता आधी पैसे थांबवले.

आपल्या राज्याला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. त्यांतले बहुतांश बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले आणि १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यात वळते झाले. एटीएममधून रोखीने गेलेला पैसा परतणे जवळपास अशक्य होते. हाँगकाँगच्या खात्यातला काही भाग मात्र रोखता आला आणि पुढे बँकेला परत मिळाला. भारतातून रोख काढणाऱ्या अकरा जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. परदेशांतल्या धाग्यांपैकी एक फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने उत्तर कोरियाच्या संगणक हल्लेखोरांविरुद्ध जे प्रकरण जाहीर केले त्यात दिसला. त्यांच्यासाठी पैसे फिरवणाऱ्या एकाने २०१८ मधील एका भारतीय बँकेच्या एटीएम लुटीचाही पैसा हाताळला होता. पुण्यात शिक्षा झालेल्यांना मूळ सूत्रधार कोण हे बहुधा कधी कळलेही नसेल.

घड्याळाची चूक

प्रतापनगरच्या प्रकरणातला मला सर्वांत बोचणारा भाग पैशाचा नाही, वेळेचा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपकडून खात्याच्या नोंदणीची माहिती आणि आयपी पत्त्यांची, म्हणजे इंटरनेट जोडणी ओळखण्याच्या क्रमांकांची, यादी मागवली गेली. अमेरिकी कंपन्या संदेशांचा मजकूर वगळता अशी माहिती परदेशी पोलिसांना स्वतःच्या धोरणानुसार देऊ शकतात, कारण तिथला १९८६ चा कायदा त्यांना तेवढी मोकळीक देतो. यादी आली. त्यात खाते सुरू केले त्या दिवशीचा एक भारतीय आयपी पत्ता होता आणि वेळ होती ०९:१२. ही वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक समन्वित वेळेत होती. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. ठाण्यातून दूरसंचार कंपनीला गेलेल्या पत्रात मात्र 'सकाळी ९ वाजून १२ मिनिटे' असे लिहिले गेले. कंपनीने विचारलेल्या वेळेचे उत्तर दिले आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गृहिणीचे निघाले. त्यांचा या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांना नोटीस गेली, त्या नवऱ्याला घेऊन बसने नागपुरात आल्या, दिवसभर बसल्या आणि जबाब देऊन परत गेल्या. गावात त्यानंतर काय बोलले गेले असेल, त्याची नोंद कोणत्याही डायरीत होत नाही.

योग्य वेळ दुपारी २ वाजून ४२ मिनिटांची होती. तरीही एवढ्याने काम भागले नसते. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी शेकडो ग्राहकांत वाटतात, आणि त्यांतला ग्राहक नेमका कोण हे केवळ पोर्ट क्रमांकावरून, म्हणजे त्या पत्त्याला जोडलेल्या उपक्रमांकावरून, ठरते. म्हणून परदेशी कंपनीकडे नोंदी मागताना तारीख, सेकंदापर्यंत वेळ, ती कोणत्या वेळ-विभागातली आहे, आणि उपलब्ध असल्यास पोर्ट क्रमांक, इतक्या गोष्टी पहिल्याच पत्रात मागाव्यात. पोर्ट नंतर मागू म्हटले तर तोवर ती नोंद पुसलेली असू शकते. त्यासाठी जतन-विनंती लागते. अमेरिकेच्या कायद्यात अशी विनंती मिळाल्यावर ९० दिवस नोंदी सांभाळल्या जातात आणि मुदत आणखी ९० दिवसांनी वाढवता येते. १९९७ मध्ये जी-८ गटात सुरू झालेले आणि आता जी-७ च्या नावाने चालणारे अहोरात्र संपर्काचे जाळे याच कामासाठी आहे. भारत त्यात आहे आणि आपल्याकडे त्याचा संपर्कबिंदू सीबीआयमध्ये आहे. जतन-विनंतीला न्यायालयाचा आदेश लागत नाही. ती गुरुवारी संध्याकाळी जाऊ शकली असती. प्रत्यक्षात ती बाराव्या दिवशी गेली.

तीन दिवसांच्या व्हिडिओ कॉलच्या वेळचे आयपी पत्ते भारतातले नव्हते. काही थायलंडच्या एका कंपनीचे होते आणि बाकीचे उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचे. यात नवल नव्हते. थायलंडने ५ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमेपलीकडच्या म्यानमारमधील फसवणूक-वसाहतींचा, म्हणजे जिथे माणसांना बसवून असे फोन करवून घेतले जातात त्या ठिकाणांचा, वीज, इंधन आणि इंटरनेट पुरवठा तोडला, तेव्हा तिथल्या छपरांवर उपग्रहाच्या तबकड्या आणखी वाढल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकने म्यानमारमधील संशयित केंद्रांच्या परिसरातली २,५०० हून अधिक उपकरणे बंद केल्याचे जाहीर केले. तपासाच्या दृष्टीने याचा अर्थ विचित्र होता. बोलणारा माणूस म्यानमारात, त्याच्या जोडणीची नोंद अमेरिकेत, आणि फसलेला माणूस नागपुरात. घड्याळेही निराळी. म्यानमार यूटीसीच्या साडेसहा तास पुढे, थायलंड सात, आपण साडेपाच.

कागद परदेशी माणसाला वाचता यावा

मजकूर, ग्राहकाची पूर्ण ओळख किंवा न्यायालयात टिकणारा दस्तऐवज हवा असेल, तर पोलिसांनी पोलिसांशी बोलून भागत नाही. भारत आणि अमेरिकेत परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००१ मध्ये झाला आणि २००५ मध्ये अमलात आला. त्याखालील विनंती पोलीस ठाण्यातून पोलीस आयुक्तालय, राज्याचा गृह विभाग आणि केंद्रीय गृह मंत्रालय अशी चढत जाते. केंद्रीय गृह मंत्रालय हेच आपले मध्यवर्ती प्राधिकरण आहे. करार नसेल तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली न्यायालय विनंतीपत्र काढू शकते. जुन्या संहितेत हेच कलम १६६-अ होते. संदेशांचा मजकूर हवा असेल तर अमेरिकी न्यायाधीशाचे, सबळ कारणांवर दिलेले वॉरंट लागते. नागपूरच्या न्यायालयाचा आदेश तिथे पुरत नाही. २०१८ च्या 'क्लाउड' कायद्याने अमेरिकेने मित्रदेशांशी थेट करार करण्याची सोय केली आणि ब्रिटन व ऑस्ट्रेलियाचे असे करार लागूही झाले आहेत. भारताचा नाही.

सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारातही भारत सहभागी नाही. आपण घडणीत नसलेल्या करारावर सही का करावी, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी नवा करार स्वीकारला आणि २५ ऑक्टोबर २०२५ रोजी हनोई येथे तो सह्यांसाठी खुला झाला, पण चाळीस देशांनी मान्यता दिल्यानंतरच तो अमलात येईल. हे सारे दिल्लीत आणि संयुक्त राष्ट्रांत ठरेल तेव्हा ठरेल. निरीक्षकांच्या हाती जे होते ते त्यांच्या पत्राची भाषा.

त्या भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण याकडे फार दुर्लक्ष होते. आपली फिर्याद मराठीत असते आणि तिची एक ठरलेली घडण असते. 'सदर इसमाने फिर्यादीस भीती घालून' या धर्तीचे वाक्य पानभर चालते. त्यात कोणी केले, काय केले आणि कधी केले, हे ओळखीच्या डोळ्यांना दिसते, पण भाषांतर झाल्यावर व्हर्जिनियातल्या किंवा बँकॉकमधल्या वाचकाला दिसत नाही. 'पंचनामा' या शब्दाला तिकडे नेमका जोड नाही, म्हणून दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घटनास्थळी केलेली नोंद असे सोडवून लिहावे लागते. 'मुद्देमाल' चे तसेच. पहिल्या मसुद्यात '४२,६०,०००' असा आकडा होता. आपला स्वल्पविराम लाखावर पडतो, त्यांचा दशलक्षावर, आणि वाचणाऱ्याला तो छपाईचा दोष वाटू शकतो. सर्वांत मोठा घोटाळा 'डिजिटल अटक' या शब्दांनी केला. भाषांतरात तक्रारदाराला 'पोलिसांनी डिजिटल पद्धतीने अटक केली' असे आले होते. भारताला न ओळखणाऱ्या अधिकाऱ्याने ते वाचले असते, तर त्याचा समज झाला असता की अटक खरीच झाली आणि तक्रार पोलिसांविरुद्ध आहे.

दुसऱ्या देशाने मदत करावी म्हणून तेच कृत्य बहुधा तिथेही गुन्हा असावे लागते. आपले कलम क्रमांक त्यांना काही सांगत नाहीत. कृत्य साध्या शब्दांत सांगितले तर सांगतात. खोटा पोलीस बनून, खोट्या खटल्याची भीती घालून, खोटा न्यायालयीन आदेश दाखवून पैसे काढून घेतले, हे बहुतेक सगळीकडे गुन्हाच आहे. निरीक्षकांनी नागपूरच्या एका सरकारी वकिलांबरोबर दोन रविवार बसून मसुदा नव्याने लिहिला. नऊ पानांचा मजकूर चार पानांवर आला. प्रत्येक मागणीसमोर ती का हवी आणि कोणत्या घटनेशी जुळते, हे एका ओळीत आले. माझ्या मते या तपासातले सर्वांत मोलाचे काम त्या दोन रविवारी झाले.

वित्तीय गुप्तवार्तेची वाटही याच काळात वापरली गेली. मार्च २०२३ पासून आभासी चलनाचे व्यवहार करणारे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले आहेत आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. हा विभाग २००७ पासून जगभरच्या अशा विभागांच्या 'एग्मॉंट' गटात आहे आणि त्यांच्याशी गोपनीयपणे माहितीची देवाणघेवाण करतो. या वाटेने मिळालेल्या माहितीवरून तपासाची दिशा ठरते, पण देणाऱ्याच्या परवानगीशिवाय ती न्यायालयात दाखवता येत नाही. दोषारोपपत्राच्या मसुद्यात ती जवळजवळ जोडली गेली होती. वेळेत काढली गेली.

म्यावाडी

आयपी पत्ते, कॉलची वेळ आणि थायलंडच्या पोलिसांनी अनौपचारिकरीत्या कळवलेली माहिती, हे सारे म्यावाडीच्या आसपासकडे बोट दाखवत होते. थायलंडच्या मे सोत शहरासमोर, मोएई नदीच्या पलीकडे, म्यानमारच्या कायिन राज्यातले हे गाव आणि त्याच्या शेजारच्या केके पार्कसारख्या वसाहती आता जगभरच्या पोलिसांना ठाऊक आहेत. भारताचा म्यानमारशी परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २०१० मध्येच झाला आहे. पण त्या पट्ट्यातला मोठा भाग सशस्त्र गटांच्या ताब्यात आहे आणि राजधानीतला आदेश तिथे पोचेलच असे नाही. विनंती पाठवली गेली, कारण पाठवणे आवश्यक होते. उत्तर येईल अशी अपेक्षा कोणी धरली नाही.

उत्तर दुसरीकडून आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्यानमारच्या सैन्याने केके पार्कवर कारवाई केली आणि तिथली शेकडो माणसे नदी ओलांडून मे सोतला आली. त्यांत शेकडो भारतीय होते. नोव्हेंबरात भारतीय वायुदलाच्या विमानांनी त्यांना टप्प्याटप्प्याने परत आणले, जसे मार्चमध्ये दोन फेऱ्यांत २८३ आणि २६६ जणांना आणले होते. परतलेल्यांत पूर्व विदर्भातला २३ वर्षांचा एक तरुण होता. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून तो गेला होता. पहिल्याच आठवड्यात पासपोर्ट काढून घेतला गेला. त्याने निरीक्षकांना पोलीस ठाण्याच्या देखाव्याची खोली, गणवेशांचा पेटारा, हिंदीतली लिहून दिलेली संहिता आणि दिवसाचे ठरलेले लक्ष्य यांचे वर्णन केले. त्या संहितेतली 'चौकशीपुरती रक्कम, ७२ तासांत परत' ही ओळ तक्रारदारांच्या जबाबातल्या ओळीशी शब्दशः जुळत होती.

या तरुणाला आरोपी मानायचे की मानवी तस्करीचा बळी, यावर ठाण्यात दोन मते होती. खुशीने गेलेले आणि कमिशनवर माणसे पुरवणारे भारतीयही तिथे असतात, हे खरे आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलीस विभागाने, म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका केली, तेव्हा काही जणांना अटकही केली होती. तरीही ज्याचा पासपोर्ट काढून घेतला गेला आणि लक्ष्य चुकल्यावर ज्याला मार बसला, त्याला पहिल्याच दिवशी आरोपीच्या बाकावर बसवले तर पुढचा परतणारा माणूस तोंड उघडणार नाही. निरीक्षकांनी त्याचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. त्याला पाठवणाऱ्या दलालाविरुद्ध वेगळा गुन्हा नोंदला गेला. करारांच्या वाटेने आठ महिन्यांत जे मिळाले नव्हते, ते या एका जबाबात होते. आणि परतलेल्या प्रत्येकाची अशी विचारपूस करणारी कायमची व्यवस्था असती, तर ते नशिबावर सोडावे लागले नसते.

फेब्रुवारी २०२६ अखेरची स्थिती अशी होती. देशात रोखलेले ९ लाख ४० हजार रुपये न्यायालयाने कलम ५०३ खाली बंधपत्रावर तक्रारदारांना परत दिले. भाड्याने खाती देणाऱ्या चौघांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झाले आणि कलम १९३(९) खाली पुढील तपास खुला ठेवला गेला. परदेशी बाजारपेठेतले ४,३०० टिथर थांबलेले होते, पण औपचारिक विनंतीशिवाय ती ते परत देणार नव्हती. तक्रारदार दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फाइल घेऊन ठाण्यात येत. परदेशाबद्दल ते फारसे विचारत नसत. त्या गृहिणीबद्दल मात्र त्यांनी दोनदा विचारले, की आपल्यामुळे ज्यांना नागपूरला यावे लागले त्यांना नंतर त्रास तर झाला नाही ना.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेकडून पहिले उत्तर आले. विनंती नाकारलेली नव्हती. त्यात तीन प्रश्न होते आणि पहिला प्रश्न परिशिष्टातल्या कॉलच्या तक्त्याविषयी होता: दिलेल्या वेळा कोणत्या वेळ-विभागानुसार आहेत? तक्ता जूनमध्ये, चूक उघड होण्यापूर्वी तयार झालेला होता आणि नव्या मसुद्याला तसाच जोडला गेला होता. निरीक्षकांनी त्याच संध्याकाळी अठ्ठावीस ओळींचा तक्ता पुन्हा केला, प्रत्येक ओळीत भारतीय वेळेशेजारी यूटीसीचा रकाना भरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गृह विभागाकडे रवाना झाला.